कातिल कुणाला म्हणायचे?

आमचा आक्षेप कादंबरीवर थोडा आणि तिच्या वाचकांवर जास्त आहे, हे आधीच सांगून टाकतो. कादंबरी म्हणजे शॅनन चक्रवर्ती या अमेरिकन लेखिकेची दएवाबाद शहराची तीन खंडांची मालिका : 'द सिटी ऑफ ब्रास' (२०१७), 'द किंग्डम ऑफ कॉपर' (२०१९) आणि 'द एम्पायर ऑफ गोल्ड' (२०२०). जिन्न, उडता गालिचा, जुने शाप, राजवाड्यातली कारस्थाने आणि या सगळ्यातून वाट काढणारे प्रेम, असा हा ऐवज आहे. २०२१ साली ह्यूगो पुरस्काराच्या मालिका विभागात तो अंतिम यादीपर्यंत पोचला होता. आमच्या हातात तो आमच्या भाचीने ठेवला. ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिचे मैत्रिणींचे टोळके असली जाडजूड इंग्रजी पुस्तके आळीपाळीने वाचत असते. "मामू, जिन्नांची गोष्ट आहे, तुम्हाला आवडेल. फक्त वाचून झाल्यावर एक सांगायचं. तुम्ही दाराच्या बाजूचे की अलीच्या?"

रमजान ईदच्या दुपारी, शीरखुर्म्याची वाटी हातात असताना, आम्ही आमचे मत दिले. अली. त्यावर जे हसू उसळले ते आम्ही अजून विसरलो नाही. "अली? मामू, तो किती कट्टर आहे! सारखी नमाज आणि सारखा उपदेश." मग दारा? "दारा म्हणजे कातिल!" असे म्हणून एकीने डोळेच मिटून घेतले.

या दोन शब्दांसाठी हा लेख लिहावा लागतो आहे. ज्याच्या हातून एक आख्खे शहर कापले गेले त्याला कौतुकाने कातिल म्हणायचे, आणि जो गरिबांच्या पोरांसाठी स्वतःची गादी धोक्यात घालतो त्याला कट्टर म्हणायचे. आणि हे म्हणणाऱ्या मुली कुठल्या परक्या नव्हेत, आमच्याच मोहल्ल्यातल्या. ज्यांच्या बापाभावांना हा 'कट्टर' शब्द एस.टी.च्या बाकावर आणि कचेरीच्या खिडकीत निमूट ऐकून घ्यावा लागतो, त्या. आम्ही स्वतः काही फार नमाजी म्हणून प्रसिद्ध नाही. जुम्मा चुकला तर कुणाला आश्चर्य वाटत नाही. तेव्हा हे धार्मिकाने धार्मिकाची बाजू घेणे नाही, एवढे लक्षात ठेवावे.

ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडी हकीकत. अठराव्या शतकाचा शेवट, कैरो फ्रेंचांच्या ताब्यात. नाहरी नावाची अनाथ मुलगी कबरस्तानालगत राहते, तुर्क अमिरांना खोटे उपचार करून फसवते आणि याकूब नावाच्या म्हाताऱ्या ज्यू औषधविक्याच्या दुकानात बसून वैद्य होण्याची स्वप्ने बघते. एका 'झार'च्या कार्यक्रमात, म्हणजे अंगातली बाधा उतरवण्याच्या विधीत, ती सहज एक गाणे म्हणते आणि तिच्यासमोर दारा हा जिन्न योद्धा येऊन उभा राहतो. तो तिला गालिच्यावर बसवून जिन्नांच्या राजधानीला, दएवाबादला नेतो. तिथे कळते की ती नाहिद या वैद्यांच्या जुन्या राजघराण्यातली आहे. गादीवर मात्र कहतानी घराणे आहे. राजा घस्सान, त्याचा थोरला मुलगा मुन्तझिर आणि धाकटा अली. अग्नीपासून जन्मलेल्या या जमातीचे सहा कबिले आहेत. त्यांपैकी एक आपल्या हिंदुस्थानचा, अग्निवंशी. आणि या सहांच्या पायदळी शफीत. शफीत म्हणजे जिन्न आणि माणूस यांच्या संकरातून झालेली प्रजा. त्यांच्याशी व्यवहार कसा होतो ते सांगायला नको. तो कुठे कसा होतो हे आपण जाणतो.

(शहराच्या नावाची एक गंमत. दएव म्हणजे जुन्या इराणी धर्मग्रंथांत दुष्ट शक्ती, आणि त्याच शब्दाचा सख्खा भाऊ असलेला आपला देव म्हणजे पूज्य. एका घरचा देव दुसऱ्या घरचा राक्षस होतो, हे लेखिकेने शहराच्या पाटीवरच लिहून ठेवले आहे.)

आता भाचीच्या आनंदाला आम्ही कमी लेखत नाही. इंग्रजीतल्या कल्पनारम्य कादंबऱ्यांत आमच्यासारखी माणसे आजवर कोणत्या दाराने आत आली ते आठवा. सी. एस. लुईसच्या १९५४ सालच्या 'द हॉर्स अँड हिज बॉय'मध्ये कॅलोर्मेन नावाचा देश आहे. तिथले लोक पागोटी बांधतात, वाकड्या तलवारी बाळगतात, गुलाम ठेवतात आणि एका भयंकर दैवताची पूजा करतात. टॉल्किनच्या महाकादंबरीत दक्षिणेकडून आणि पूर्वेकडून येणारी सैन्ये नेमकी अंधाराच्या बाजूने लढतात. ही पुस्तके लहानपणी वाचणाऱ्या आमच्या मुलांनी स्वतःला कोणाच्या जागी ठेवायचे? त्या तुलनेत दएवाबादमध्ये बांग होते, वजीर आणि कैद म्हणजे सेनापती असतात, शेख असतात चांगले आणि वाईटही, आणि गेझिरी योद्ध्यांच्या हातातल्या पेटत्या तलवारीला झुल्फिकार म्हणतात. कॅथलिक घरात जन्मून तरुणपणी इस्लाम स्वीकारलेल्या बाईने हे आतून लिहिले आहे. पहिल्या खंडाचे नावच अलिफ लैलातल्या पितळी शहराच्या गोष्टीवरून घेतले आहे. ज्या भाषेत पागोटे दिसले की खलनायक समजायचे, त्या भाषेत हे घडले याचे मोल आम्हाला कळते.

आमच्यातले काही बुजुर्ग म्हणतात की हे सगळे जादूटोण्याचे खूळ आहे, पोरींनी वाचू नये. त्यांना फार वेळ देण्याचे कारण नाही. कुरआनात जिन्नांच्या नावाची एक सूरह आहे, हजरत सुलेमानांच्या हुकमतीतल्या जिन्नांचा उल्लेख आहे, आणि जिन्नांतही भले-बुरे असतात हे तिथेच सांगितले आहे. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने अमीर हमजाची दास्तान ४६ खंडांत छापली, ती काय नास्तिकांसाठी? मराठीतही कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी गोष्टी आणल्या आणि वाडेच्या वाडे त्या वाचत बसले. कल्पनेला आमची ना नाही. कल्पनेत आपण कोणाच्या गळ्यात हार घालतो, एवढाच आमचा प्रश्न आहे.

तर हा दारा. चौदाशे वर्षांपूर्वीचा, अफशीन घराण्यातला, धनुर्धर. हिरवे डोळे. त्या हिरव्या डोळ्यांवर किती उसासे टाकले गेले असतील याची गणती नाही. पण पुस्तकात ते हिरवे का आहेत? इफ्रितांनी जिन्नाला गुलाम केले की त्याचे डोळे पाचूसारखे होतात. ती गुलामीची खूण आहे. लेखिकेने जखम दाखवली आणि वाचकांनी तिला रूप म्हटले. असो. हाच दारा कोवळ्या वयात, नाहिदांच्या हुकमावरून, क्वी-झी नावाच्या व्यापारी शहरावर चालून गेला. तिथे शुद्ध रक्ताचे जिन्न आणि शफीत एकत्र राहत होते, हा त्या शहराचा गुन्हा. तिथे जी कत्तल झाली तिच्यावरून त्याला 'क्वी-झीचा आसूड' हे नाव पडले, आणि ते चौदा शतके टिकले.

भाची म्हणते, "पण मामू, त्याला हुकूम होता. त्याला शफीतांविषयी खोटंच शिकवलं होतं. शिवाय नंतर तो किती शतकं गुलाम होता! त्याने भोगलं नाही का?" हा युक्तिवाद हलका नाही. दारा खरोखर भोगलेला माणूस आहे. लेखिकेने त्याची गुलामी ज्या रीतीने लिहिली आहे ती वाचताना गळा दाटतो. स्वतःच्या हातून काय काय करवून घेतले गेले याची आठवणही त्याच्याकडे शिल्लक नाही. तो पीडित आहे हे आम्ही मान्य करतो. पण पीडित असणे आणि गुन्हेगार असणे ही दोन वेगळी खाती आहेत, आणि एका खात्यातली जमा दुसऱ्या खात्यातल्या कर्जावर चालत नाही. हुकमावरून मारले असे म्हणणारे आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलेले आहेत. त्यांच्यातल्या कुणाचे डोळे सुंदर होते की नव्हते हे आपण विचारले नव्हते.

बरे, जुनी पापे सोडा. पहिल्या खंडाच्या शेवटी हा प्रियकर काय करतो ते बघा. नाहरीला शहर सोडायचे नाही. तिने आपला हिशेब मांडला आहे. राजाच्या थोरल्या मुलाशी होणाऱ्या लग्नाच्या अटी ती स्वतः घासाघीस करून ठरवू शकते इतकी ती पक्की आहे. दारा तिचा नकार ऐकतो आणि मग अलीला ओलीस धरून तिच्यापुढे पर्याय ठेवतो, चल, नाहीतर याचा जीव घेतो. आपल्या गल्लीत एखाद्या पोराने असे केले तर मुलीची आई पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसेल. पुस्तकात केले तर ती इश्काची परिसीमा ठरते! लेखिका इथे वाचकांच्या बाजूची नाही, हे आम्ही आवर्जून सांगतो. तिची नाहरी दुसऱ्या खंडात त्या रात्रीचा राग विसरलेली नाही. वाचक मात्र विसरले.

आता अली. हा आमच्या मते गेल्या काही वर्षांत इंग्रजी कल्पनारम्य कादंबरीत उभा राहिलेला सर्वांत धाडसी नायक आहे, आणि त्याचे धाडस असे की तो कंटाळवाणा होण्याची भीती बाळगत नाही. अठरा वर्षांचा, बापाकडून गेझिरी, आईकडून अयांले. फजरला उठणारा, दारू न पिणारा, भावाच्या मैफलींना नाक मुरडणारा. 'तंझीम' नावाच्या संघटनेला तो गुपचूप पैसा पुरवतो, शफीत पोरांना अन्न, औषध, अक्षर मिळावे म्हणून. त्या संघटनेच्या शेखला त्याच्या डोळ्यांदेखत रिंगणात जनावराच्या पायाखाली तुडवून मारतात, आणि ते निमूट पाहण्याची त्याच्यावर सक्ती होते.

तो निर्दोष आहे असे कुणी समजू नये. त्याच्या पैशातून शस्त्रेही घेतली गेली आणि त्याला ते कळले नाही. की कळून घ्यायचे नव्हते, हा प्रश्न लेखिकेने मोकळा ठेवलेला नाही, बऱ्यापैकी कठोरपणे विचारला आहे. अग्नीची पूजा करणाऱ्या दएवांविषयी त्याचे तोंड फटकळ आहे. भावाचे दुःख त्याला उशिरा दिसते. उपदेश करतो, हेही खरे. म्हणजे भाचीचा अर्धा आरोप आम्हाला कबूल आहे. पण बघा, या दोघांतला शिकतो कोण? अली शिकतो. दएवांच्या मुलीबरोबर ग्रंथालयात बसून तो तिला वाचायला शिकवतो आणि तिच्याकडून कैरोची बोली शिकतो. बापाने त्याला तिच्याशी मैत्री करण्याचा हुकूमच दिला होता, आणि हुकमाची ती मैत्री अक्षरा-अक्षराने खरी होत जाते. हद्दपार झाल्यावर वाळवंटातल्या एका खेड्यात तो पाणी शोधतो, पाट काढतो. परत आल्यावर नाहरी जुने नाहिद रुग्णालय पुन्हा उभारायला घेते तेव्हा तो तिच्याबरोबर उभा राहतो, आणि तिथे सुभा नावाची शफीत डॉक्टरीण या दोघांनाही स्पष्ट सुनावते की तुमच्या सदिच्छांवर आमचा भरवसा का नाही. आमच्या वाचनात ही कादंबरीतली सर्वांत चांगली प्रकरणे आहेत. चुना, विटा, खाटा, जडीबुटी, पगाराचा तंटा. एक मुलगी आणि एक मुलगा कामाने थकून बोलत बसलेले. याला प्रेमकथा म्हणत नसतील तर आमचे प्रेमाचे ज्ञान अपुरे आहे.

यावर आमचे एक शायर मित्र म्हणाले, "अहो, यात पोरींचा काय दोष? आपल्या गझलेनेच हे शिकवलंय. तिथे माशूक कातिल असतो आणि जाहिद हास्यास्पद. रिंद प्यारा, शेख ढोंगी. तीनशे वर्षं आपण याच चालीवर दाद देत आलो." आम्ही दोन दिवस या बोलण्यावर अडून बसलो, कारण ते बिनतोड वाटले होते. मग लक्षात आले की गझलेतला कातिल मारतो फक्त आशिकाला. ज्याचा खून होतो तोच शेर म्हणत असतो! तिसऱ्या कुणाच्या दारात रक्त पडत नाही. तो खून हा दोघांमधला लाडिक करार आहे. क्वी-झीच्या लोकांनी दारावर कुठे प्रेम केले होते? आणि गझलेतला जाहिद हास्यास्पद का? तो मदिरालयाच्या दाराशी उभा राहून लोकांना अडवतो आणि स्वतः अंधारात घोट घेतो म्हणून. लोकांना स्वर्गाचा सौदा विकतो आणि स्वतः एक दमडी सोडत नाही म्हणून. अलीने तर जे होते ते दिले. त्याला जाहिद म्हणणे म्हणजे गझलही न समजणे आणि कादंबरीही न समजणे. आमचे उस्ताद शायर ढोंगाला हसत होते, सचोटीला नव्हे.

हा रोग एकट्या या मालिकेच्या वाचकांचा नाही, हेही नमूद करतो. सारा जे. मास यांच्या २०१५ पासून सुरू झालेल्या परीलोकाच्या मालिकेतला रात्रीच्या दरबाराचा सरदार पाचशे वर्षांचा, रिबेका यारोस यांच्या २०२३ सालच्या 'फोर्थ विंग'मधला नायक बंडखोराचा मुलगा, अंगावर खुणा, नजरेत धमकी. साचा एकच, जगाला जो घातक तो फक्त तिच्याशी हळवा. त्या पुस्तकांत हा साचा सजावटीपुरता असेल. आम्ही त्यांच्यावर हत्यार उपसत नाही. पण दएवाबादची कादंबरी साच्याला साचा म्हणून ओळखते. तिने मुद्दाम दारा साच्यात ओतला आणि मग साच्याच्या तळाशी क्वी-झीची राख दाखवली. असे पुस्तकही जर जुन्याच डोळ्यांनी वाचले जाणार असेल तर लेखकाने करावे तरी काय?

आता थोडे लेखिकेच्या पदरी. दुसऱ्या खंडापासून तिने दाराच्या नजरेने प्रकरणे लिहायला घेतली. अली, नाहरी आणि दारा, मुख्यतः या तिघांच्या डोळ्यांनी आपण ते शहर पाहतो. तीन जाडजूड खंड, आणि सुभाच्या डोळ्यांनी एकही प्रकरण नाही. नाहरी स्वतः शफीत आहे हे पुढे उघड होते. पण ती वाढली ती ते न जाणता, आणि राजवाड्यात पाऊल ठेवले ते राजकन्या म्हणून. ज्याने मारले त्याच्या पश्चात्तापाला प्रकरणामागून प्रकरणे आणि ज्यांना मारले त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला संवादातली चार वाक्ये! वाचक दाराच्या प्रेमात पडले त्याला हेही एक कारण आहे. ज्याच्या डोळ्यांतून आपण पाहतो त्याचेच पाय आपल्याला दुखल्यासारखे वाटतात. शेवटी तिने त्याला शिक्षाही अशी दिली आहे की ती शिक्षेपेक्षा मोहीम वाटते : गुलामीत अडकलेल्या जिन्नांना सोडवत तो एकटा जगभर फिरणार. सुंदर आहे. फार सुंदर आहे, आणि तीच आमची तक्रार. सुभाचे दुकान त्या दिवशीही उघडे राहिले असणार. तिला कुणी विचारले नाही की हा निकाल तुला मंजूर आहे का.

पण एका गोष्टीसाठी आम्ही या बाईला सलाम करतो, आणि ती गोष्ट आमच्या मासिका-वार्षिकांत अजून हवी तितक्या मोठ्याने बोलली गेलेली नाही. कहतानींनी दएवाबाद जिंकले ते कशासाठी? झायदी अल कहतानी शफीतांच्या बाजूने उठला होता. न्यायासाठी लढाई झाली, जुलमी नाहिद गेले, समतेचा शब्द घेऊन नवे आले. आणि चौदाशे वर्षांनी त्याच झायदीच्या वंशजांच्या राज्यात शफीत वस्तीत गटार तुंबलेले आहे, पोरे उपाशी आहेत, आणि रक्त शुद्ध की मिश्र हा पहिला प्रश्न आहे. ज्यांच्या नावाने राज्य आले तेच राज्याच्या उंबऱ्याबाहेर. धर्म सांगतो सगळे समान, आणि मोहल्ला विचारतो कुठले?

हे वाचताना आम्हाला जिन्न दिसले नाहीत. सय्यद-शेख-पठाण म्हणून ताठ बसणारे दिसले, आणि बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार, खाटीक, मणियार म्हणून दाराशी उभे केलेले दिसले. मशिदीत खांद्याला खांदा आणि निकाहाची बोलणी निघाली की बिरादरीची वही. अश्रफ-अजलाफ हे शब्द आमच्यात कुणी मोठ्याने उच्चारत नाही. उच्चारायची गरजच पडत नाही. अली आपल्याच बापाच्या राज्यात हा हिशेब मागतो, पणजोबाच्या नावाची आठवण करून देतो, म्हणून तो कट्टर! आम्हाला वाटते, त्याला कट्टर म्हणण्यात सोय आहे. तो धर्माचे बोलतो असे म्हटले की तो न्यायाचे बोलतो हे ऐकावे लागत नाही.

आणखी एक टोचणारी गोष्ट. अलीची आई अयांले, म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याकडची. अली काळा आहे. पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे. दारा इराणी वळणाचा. आम्ही भाचीला विचारले, कातिल कोण हे ठरवताना यातले काही मनात होते का? रंगाचा विचार न करता तुम्ही सगळ्याजणी एकाच दिशेने कशा ढळलात? घरात हळदीचे लेप आणि गोरेपणाच्या क्रीमच्या नळ्या कशासाठी असतात ते आम्हाला माहीत आहे. आम्ही जरा आवाज चढवूनच बोललो. कादंबरी म्हणजे आरसा वगैरे काहीतरी म्हणालो.

भाची ऐकून घेत होती. मग तिने वाट्या गोळा केल्या आणि जायला उठता उठता म्हणाली, "मामू, बाजीसाठी मागच्या साली स्थळ आलं होतं, आठवतं? तो सरकारी दवाखान्यात लॅबमध्ये होता. दारू नाही, हुंडा नाही, नमाजी. अम्मी म्हणाली, पिंजारी आहेत, आणि मुलाचा रंगही दबलेला. तेव्हा तुम्ही तिथेच बसला होतात, याच खुर्चीत."

आम्ही म्हणालो, तो तुझ्या आईचा निर्णय होता.

"हो," ती म्हणाली. "तुम्ही चहा पीत होता."